चिठ्ठीचा नियम

४ फेब्रुवारी, रविवार

आजपासून नवी मोहीम, म्हणून नवी वही. मागची मोहीम तीन वर्षं चालली आणि मी नोंदी ठेवल्या नाहीत, त्यामुळे कोणता राजा कधी मेला यावरून दर रविवारी भांडण. आता कानाला खडा लावलाय. खेळ झाला की त्याच संध्याकाळी सगळं लिहून काढायचं.

वही कोणाच्या हाती लागलीच तर त्याच्यासाठी सांगतो. आमचा खेळ टेबलावरचा. पडदा नाही, बटणं नाहीत. प्रत्येकाचं एक पात्र असतं, ते काय करतं हे खेळणाऱ्याने तोंडाने सांगायचं. जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवतो, आणि पुढे काय घडलं ते सूत्रधार सांगतो. सूत्रधार मी. राजा, चोर, सराईवाला, नावाडी, वादळ, सगळं माझ्याच तोंडून.

खेळणारे तिघं. धाकटी, म्हणजे माझी सख्खी धाकटी बहीण. तिचे यजमान, माझे मेहुणे, विमा कंपनीत दावे तपासतात. समोरचा खोटं बोलतोय हे त्याच्या बसण्यावरून ओळखतात. तिसरी दातांची डॉक्टर, माझी शाळेपासूनची मैत्रीण, जिच्या जिभेला हाड नाही. मी वजनमापं खात्यात निरीक्षक, दुकानांतले काटे तपासतो. फासेसुद्धा मिठाच्या पाण्यात तरंगवून तपासले आहेत. एक सारखा त्याच बाजूवर येत होता, तो फेकून दिला.

या टेबलाचे दोन नियम माझे स्वतःचे. पहिला चिठ्ठीचा. पात्राला इतरांपासून लपवून काही करायचं असेल तर सूत्रधाराला बंद चिठ्ठी द्यायची, मी मागे उत्तर लिहून परत करतो, बाकीच्यांनी विचारायचं नाही. मजकूर मी या वहीत उतरवून ठेवणार. दुसरा नियम न्यायाचा. गुपचूप काही झालं की बाकीच्यांनाही एक फासा टाकायला मिळतो. पंधराच्या वर पडला तर त्यांना सुगावा लागतो. गुपित ठेवणाऱ्याला संधी, तशी शोधणाऱ्यालाही.

मेहुण्यांनी आज मला हातात धरून खेळायचा नवा कन्सोल भेट दिला. "सूत्रधारसाहेब, हे खेळून बघा, मग तुमचं कागद-पेन्सिलीचं खूळ उतरेल," म्हणाले. दिलदार माणूस. धाकटीला लढवय्यी हवी होती, पण त्यांनी तिला वैदू घ्यायला लावलं. बरोबरच आहे, तिला तेवढंच जमेल.

७ फेब्रुवारी, बुधवार

मेहुणे बुधवारी दौऱ्यावर असतात, तिथून फोन करून कन्सोल कसा वाटला विचारलं. खरं सांगितलं. चित्रं देखणी, घोडा पळतो तेव्हा धूळही उडते. पण मला एका घराचं दार वाजवावंसं वाटलं, तर ते दार नुसतं रंगवलेलं निघालं. ज्याने खेळ बनवला त्याने तिथे कोणाला राहायला ठेवलंच नव्हतं. आमच्या टेबलावर कुठलंही दार वाजवा, मी उघडतो.

मेहुणे हसले. "म्हणूनच तुमचा खेळ कधी संपत नाही."

११ फेब्रुवारी, रविवार

दुसरी बैठक. धाकटी खेळताना फार बिचकते. फासा टाकायच्या आधी मेहुण्यांकडे बघते. तिच्या पात्राचा कागदही त्यांच्याच फाइलमध्ये असतो, तिची सोंगटीही तेच सरकवतात. वेळ वाचतो, पण सूत्रधार म्हणून मला कंटाळा येतो. माणसाने आपलं पात्र आपण चालवावं.

आज मात्र तिने पहिली चिठ्ठी दिली. "माझी वैदू तिची कागदपत्रं सराईवाल्याकडे ठेवू इच्छिते. जन्माचा दाखला, शिक्षणाचे कागद. सोबतच्यांना कळू नये."

जन्माचा दाखला! माझ्या नदीकाठच्या राज्यात दाखले कोण देतो? पण चला, काहीतरी सुचलं तिला. मागे लिहिलं, "सराईवाला ठेवून घेईल." बाकीच्या दोघांना फासे टाकायला लावले, कोणाचा पंधराच्या वर गेला नाही.

जाताना ती माझ्या टेबलाच्या खणात काही ठेवल्यासारखी वाकली होती. तेवढ्यात मेहुण्यांनी हाक मारली आणि ती निघाली. नंतर बघितलं, खण रिकामाच होता.

१८ फेब्रुवारी, रविवार

धाकटीच्या पुढच्या दाताचा टवका उडालाय. सुपारी चावताना, म्हणाली. ती सुपारी कधीपासून खायला लागली? डॉक्टरने तिथेच तोंड उघडायला लावलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "दवाखान्यात ये. आतल्या नसेचं काम निघेल. तीन-चार वेळा यावं लागेल." मेहुणे म्हणाले, "मी घेऊन येईन."

आजच्या बैठकीत मी स्वतःवर खूश आहे. धाकटीची चिठ्ठी अशी: "सराईवाल्याकडे एक खोली मिळेल का? एकटीसाठी. किती दिवस ते सांगता येत नाही."

दुसरा एखादा सूत्रधार बहीण म्हणून सरळ हो म्हणाला असता. मी तसं करत नाही. जत्रेचा हंगाम, सराई भरलेली, तेव्हा आठ किंवा वर पडलं तर खोली, असं मनाशी ठरवलं आणि माझ्यापुढच्या पुठ्ठ्याच्या आडोशाला फासा टाकला. पाच. एकदा वाटलं, उचलून परत टाकावा, कोणाला कळणार आहे? पण मग काटे तपासणाऱ्या माणसाने कोणत्या तोंडाने नोकरी करायची? मागे लिहिलं, "जागा नाही."

तिने चिठ्ठी वाचली, बारीक घडी केली आणि मुठीत धरून ठेवली. पुढचे दोन तास एक शब्द बोलली नाही. हरणं मनाला लावून घेते ती, लहानपणापासून.

२० फेब्रुवारी, मंगळवार

मेहुणे ऑफिसवरून जाता जाता येऊन गेले. कन्सोलवर दोन शर्यती खेळलो, दोन्ही हरलो. चहा पिताना सहज म्हणाले, "काय लिहिते हो ती एवढं चिठ्ठ्यांमध्ये?"

मी म्हटलं, "दाजी, तेवढं सोडून काहीही विचारा." माझी छाती फुगली होती हे कबूल करतो. पण ते हिरमुसू नयेत म्हणून पुढे म्हटलं, "एवढं सांगतो, आता रंगात येतेय ती. डोकं चालवायला लागलीय."

"असं का," म्हणाले आणि कप खाली ठेवला. अर्धा चहा तसाच होता.

२५ फेब्रुवारी, रविवार

आजची चिठ्ठी: "बुधवारी सकाळी वरच्या गावाला नाव जाते का? सोबतचे त्या दिवशी नसतात. नावाड्याने दारापर्यंत यावं, मला सामान घेऊन एकटीला निघता येणार नाही."

नाव दारापर्यंत कशी येईल? आणि बुधवारी सोबतचे नसतात हे कोणी ठरवलं? आमच्या मोहिमेत वार मोजतच नाहीत. घाईत लिहिलं असणार. तरी मनात म्हटलं, शाब्बास, गट सोडून पळायचा बेत करतेय, आता खरी मजा येईल. मागे लिहिलं, "नावाडी येईल."

मग न्यायाचा नियम. दोघांना फासे टाकायला सांगितले. डॉक्टरला चार. मेहुण्यांना अठरा.

अठरा म्हणजे अठरा. मी माझ्या सूत्रधाराच्या आवाजात सांगितलं, "तुमच्या पात्राच्या कानावर येतं, की आपल्यातलंच कोणीतरी घाटावर बुधवारच्या नावेची चौकशी करत होतं."

मेहुणे हसले. मोठ्याने नाही. "बुधवारच्या?" म्हणाले. "बरं झालं सांगितलंत." आणि धाकटीची सोंगटी उचलून त्यांनी आपल्या सोंगटीला चिकटवून ठेवली.

डॉक्टरने पेन्सिल टेबलावर टाकली. डोकं दुखतंय म्हणाली आणि बैठक तिथेच मोडली. ऐन रंगात आलेला खेळ! निघताना धाकटीकडे बघत उभी राहिली होती. धाकटीने मात्र मान वर केली नाही.

२८ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी मेहुण्यांचा फोन. "आजचा दौरा रद्द केला. घरीच आहे. तुमच्या खेळानेच सुचलं म्हणा." बायकोसाठी रजा टाकणारी माणसं आता राहिली कुठे? मी तसं बोलूनही दाखवलं.

३ मार्च, रविवार

धाकटी आली नाही. ताप आहे म्हणे. मेहुण्यांनी तिचंही पात्र चालवलं, आणि खरं सांगायचं तर तिच्यापेक्षा सफाईने चालवलं. डॉक्टर तासभर गप्प बसली आणि मग पेशंट आहे म्हणून उठली. रविवारी कसला पेशंट?

४ मार्च, सोमवार

आज खेळ नव्हता, तरी लिहितो.

डॉक्टर दुपारी आमच्या ऑफिसात आली. मी तपासणीच्या खोलीत होतो, पितळेची वजनं काट्यावर चढवत. तिने दार लावून घेतलं.

"वही कुठेय?"

"कोणती?"

"चिठ्ठ्या उतरवतोस ती. काढ."

पिशवीतच होती. मी नियम सांगायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "पेशंटच्या तोंडात मी काय बघते ते सांगायचा मला अधिकार नाही. ते मी सांगणार नाही. पण तुझ्या वहीत काय आहे ते आपण दोघं वाचू शकतो. वाच. मोठ्याने."

मी तिन्ही चिठ्ठ्या एकामागोमाग वाचल्या. एकेकटी वाचताना काही वाटलं नव्हतं.

"खेळात बुधवारी कोण नसतं?" तिने विचारलं.

"कोणी नाही. खेळात वारच नाहीत."

"आणि खेळाबाहेर?"

मी वहीची पानं मागे उलटली, ७ फेब्रुवारीला माझ्याच अक्षरात होतं: मेहुणे बुधवारी दौऱ्यावर असतात.

"खोली कोणाकडे मागितली तिने?"

"सराईवाल्याकडे."

"सराईवाला कोण आहे?"

"मी."

ती खुर्चीत बसली. आवाज खाली आला तिचा. "तिचा फोन तो बघतो. पत्रं तो उघडतो. बाजारात जाते तर सोबत असतो. तिने लिहिलेला आणि त्याने न वाचलेला असा एकच कागद आहे. तो तुझ्या हातात येतो. नियम तुझा होता म्हणून तो वाचत नव्हता, कळलं?"

मी म्हटलं, "मग तू आधी का नाही सांगितलंस?"

"मला दाताचा संशय होता. चिठ्ठ्या मला कुठे माहीत होत्या? त्या रविवारी तू ते बुधवारचं बोललास तेव्हा मी तिचं तोंड बघितलं. तू बघितलंस का?"

मी नव्हतं बघितलं. मी फासा बघत होतो.

६ मार्च, बुधवार

त्यांच्या घरी गेलो. मेहुण्यांनी दार उघडलं, पण बाजूला झाले नाहीत. "ताप उतरलाय. पण अशक्तपणा आहे." मी म्हटलं, दोन मिनिटं बघतो आणि जातो. त्यांनी आत हाक मारली. धाकटी आली, दोन्ही बाह्या बोटांपर्यंत ओढलेल्या.

"बरं वाटतंय का?" मी विचारलं.

"हो दादा."

"फोन लागत नाही तुझा."

"दुरुस्तीला दिलाय," मेहुणे म्हणाले.

चल माझ्याबरोबर, एवढे दोन शब्द होते. मेहुणे तिथे उभे होते, आणि मला भीती वाटली. स्वतःची नाही, मी गेल्यावर काय होईल त्याची. जिना उतरताना दोनदा थांबलो. इतका नालायक मी आयुष्यात कधी झालो नव्हतो.

डॉक्टरला भेटलो तर ती म्हणाली, "पुन्हा असा जाऊ नकोस. त्याला तुझा संशय आला तर तिचं दवाखान्यात येणंही बंद करेल. रविवारी नेहमीसारखा खेळ चालव."

१० मार्च, रविवार

चालवला. कसा, ते मला ठाऊक. राजाचं नाव विसरलो, तीन पहारेकरी म्हणून सुरू केलेले पाच झाले. धाकटी समोर बसली होती आणि मी तिच्याकडे बघायचं टाळत होतो. मेहुणे माझ्याकडे बघत होते.

सुरुवातीलाच म्हणाले, "एक सुचवू? ते चिठ्ठ्यांचं बंद करूया. घरचीच माणसं आपण. एकमेकांपासून लपवायचं काय?"

नाही म्हटलं असतं तर का ते विचारलं असतं. माझ्या बसण्यावरून त्यांनी काय ओळखलं असतं कोण जाणे. मी म्हटलं, "बरोबर आहे दाजी. पोरखेळच होता तो."

धाकटीच्या पुढ्यात एक कोरा कागद होता. तिने तो त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी फाइलमध्ये ठेवला.

१३ मार्च, बुधवार

मेहुण्यांनी बुधवारचे दौरे कायमचे सोडले आहेत. धाकटीला दवाखान्यात तेच आणतात, बाहेर बसतात आणि घेऊन जातात. आत कोणी येऊ नये असं डॉक्टरने पहिल्याच वेळी ठणकावून सांगितलंय. एक्स-रेचं कारण पुढे केलं. तेवढाच वेळ धाकटी त्यांच्या नजरेआड असते.

मला डॉक्टरने तिच्या आधीची वेळ दिली होती, अक्कलदाढेसाठी. (माझी अक्कलदाढ! डॉक्टरलाही त्यातला विनोद कळला, पण ती हसली नाही.) माझं झाल्यावर तिने धाकटीला आत बोलावलं आणि मला बाहेर सोडलंच नाही. "चूळ भरायला दोन मिनिटं लागतात," म्हणाली आणि पाण्याचा नळ सोडून ठेवला.

मी म्हटलं, "मला कळलं नाही गं. खरंच कळलं नाही."

ती म्हणाली, "मला वाटलं, तू विचार करून नाही म्हणालास."

"मी नाही म्हटलं नाही. फासा पाच पडला."

तिने माझ्याकडे असं बघितलं की ते लिहिता येत नाही. "दादा," ती म्हणाली, "मी फाशाला विचारलं नव्हतं."

डॉक्टरने नळ बंद केला.

१६ मार्च, शनिवार

आतली खोली रिकामी केली. अकरा कन्सोल होते, जुने, कुठले कुठले. माझ्या पहिल्या पगारातला, वायर जळलेला. एकेका खेळाच्या खोक्यावर माझी मतं लिहिलेल्या चिकटपट्ट्या: "दुसऱ्या अंकानंतर ढिसाळ", "संगीतासाठी ठेवावा". मेहुण्यांचा नवा तेवढा ठेवून सगळं उचलून दुरुस्तीवाल्याला देऊन टाकलं. इतकी वर्षं त्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती हे खरंच होतं. फासा टाकायची गरजही नव्हती.

गादी, चादर, नवा पडदा आणला. दाराला आतून कडी बसवून घेतली. बुधवार ठरलाय. डॉक्टरने वकिलाशी बोलून धाकटीची सही घेतलेली अर्ज-वजा तक्रार पोलीस चौकीत आधीच देऊन ठेवली आहे, म्हणजे तिला कोणी हरवलेली म्हणून शोधू शकणार नाही.

माझं काम एकच. मेहुण्यांना बाहेरच्या बाकावर चाळीस मिनिटं बसवून ठेवायचं.

२० मार्च, बुधवार

अकरा वाजता धाकटी आत गेली. मेहुणे बाकावर बसले. मी धाकटीच्या नंतरची वेळ घेऊन शेजारी. आतून यंत्राचा आवाज सुरू झाला, तो दात कोरायचा, अंगावर काटा आणणारा.

मी त्यांनी दिलेला कन्सोल काढला. म्हटलं, "दाजी, महिनाभर खेळलो. माझं मत बदललं नाही. यात खेळणारा खेळतच नाही. दुसऱ्याने खेळून ठेवलेलं बघत बसतो."

मला माहीत होतं, हे त्यांना खपणार नाही. ते सरसावून बसले. "तुमच्या टेबलावर काय वेगळं आहे? सूत्रधाराच्या मनात येईल ते. इथे नियम एकदा ठरले की ठरले. कोणाची मर्जी चालत नाही."

"पण इथे दार वाजवलं तर कोणी उघडत नाही."

"कशाला उघडायला हवं? तिथे जायचंच नसतं म्हणून ते बंद असतं. तुम्ही बटण दाबाल तिकडेच पात्र जातं. उगाच तोंड उघडत नाही, मागे बघत नाही. चुकलात तर जिथे जपून ठेवलं होतं तिथून पुन्हा सुरू. मला तुमच्या टेबलाचं हेच आवडत नाही. तिथे माणसं ऐकत नाहीत."

हे सगळं हसत, समजावून सांगितल्यासारखं. मी मान हलवत होतो. घामाने कन्सोल हातातून निसटत होता. आतला आवाज थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. त्या वेळेपर्यंत खुर्ची रिकामी झालेली होती, हे मला ठाऊक होतं. धाकटी मागच्या दाराने डॉक्टरच्या बहिणीच्या गाडीत बसली असणार. डॉक्टर रिकाम्या खुर्चीपाशी उभी राहून हवेत यंत्र चालवत होती.

अकरा वाजून बावीस मिनिटांनी मेहुणे उठले. "आज फारच वेळ लागतोय," म्हणाले आणि दाराकडे निघाले.

निदान आणखी अठरा मिनिटं हवी होती. मी म्हटलं, "दाजी, नियमांच्या गोष्टी तुम्ही करू नका. मागच्या मोहिमेत तुम्ही फासा बोटाने फिरवायचात. मी तीन वर्षं बघत होतो. बहिणीच्या संसाराकडे बघून गप्प बसलो."

हे धादांत खोटं आहे. त्यांनी कधीच फासा फिरवला नाही. मी आजवर साध्या दुकानदारावरसुद्धा काटा तपासल्याशिवाय आरोप केलेला नाही.

ते वळले. चेहऱ्यावरचं हसू पुसल्यासारखं गेलं आणि मला पहिल्यांदा दिसलं, की धाकटी रोज कोणाकडे बघत असेल. "काय म्हणालात?"

"चोर म्हटलं मी तुम्हाला," मी म्हटलं.

ते परत येऊन माझ्यासमोर उभे राहिले, मग बसले. अगदी जवळ. हळू आवाजात सुरुवात केली. कोणत्या रविवारी काय पडलं होतं, कोणत्या लढाईत, कोण साक्षीला होतं. एकेक मुद्दा बोटावर. दावे तपासणारा माणूस, सगळं पाठ. मी मधूनच "पटत नाही" म्हणत होतो. प्रत्येक "पटत नाही"ला त्यांची दोन-तीन मिनिटं जात होती. माझा गुडघा त्यांनी धरून ठेवला होता. अजून निळा आहे.

अकरा चाळीसला आवाज बंद झाला. डॉक्टर हातमोजे काढत बाहेर आली.

"झालं," ती म्हणाली. "ती गेली."

मेहुणे आत जाऊन आले. ओरडले नाहीत. डॉक्टरने पुढे केलेली तक्रारीची नक्कल त्यांनी उभ्याउभ्या पूर्ण वाचली, घडी घालून खिशात ठेवली. मग मला म्हणाले, "तुम्ही चांगलं खेळलात." आणि निघून गेले.

मी घरी आलो, चहा टाकला. दोन कप काढले. चार वाजेपर्यंत बेल वाजली नाही. सहापर्यंतही नाही.

२१ मार्च, गुरुवार

सकाळी मेहुणे आले. न विचारता आतल्या खोलीत गेले. गादी, पडदा, कडी बघितली. बोटाने कडी वर-खाली करून पाहिली.

"कुठे आहे?"

"माहीत नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी कसा बसलोय, हात कुठे आहेत, सगळं. मी काही लपवत नव्हतो, म्हणून काही जड गेलं नाही. मलाही तेच विचारायचं होतं.

"खरंच माहीत नाही तुम्हाला," ते म्हणाले. त्यांना आश्चर्य वाटलं. मग कीव आल्यासारखं हसले. ते हसू त्यांनी जाताना माझ्याकडे ठेवून दिलं, दुसरं काय.

२४ मार्च, रविवार

तीन वाजता सवयीने टेबल पुसलं. डॉक्टर एकटीच आली. मी तिच्यावर भडकलो. म्हटलं, माझी बहीण आहे, खोली तयार आहे, माझ्याकडे का आणली नाही?

"तो पहिल्यांदा इथेच येणार हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. आणि तिनेच सांगितलं."

"काय सांगितलं?"

डॉक्टरने जरा वेळ घेतला. तिला वेळ लागतो हे मी पहिल्यांदाच बघितलं. "म्हणाली, दादा चांगला आहे. पण त्याला कोणी नीट विचारलं तर तो खरं सांगेल. त्याला वाटेल की समोरच्यालाही एक संधी द्यायला हवी."

रडू आलं ते मी लपवलंही नाही. डॉक्टर बसून राहिली, पाच वाजता गेली.

१४ एप्रिल, रविवार

दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"दादा."

मी उभाच राहिलो. ती म्हणाली, दात आता दुखत नाही, उरलेलं काम तिथल्या एका डॉक्टरने पूर्ण केलं. पुस्तकं बांधायच्या कारखान्यात काम मिळालंय. शेजारच्या खाटेवरची बाई घोरते. वजन दोन किलोने वाढलंय, दुकानातल्या काट्यावर बघितलं, खरं की खोटं देव जाणे. मी म्हटलं, दुकानातले काटे जास्तच दाखवतात. ती हसली. तिला हसताना ऐकून किती वर्षं झाली ते मला मोजता आलं नाही.

कुठून बोलतेस हे मी विचारलं नाही. ते तोंडावर आलं होतं, गिळलं. वकील काय म्हणतात ते तिने सांगितलं, मी ऐकलं. मेहुणे दोनदा येऊन गेले ते मी सांगितलं नाही. डॉक्टर बरी आहे म्हटलं.

मी फोन कानाला लावून आतल्या खोलीच्या दारात उभा होतो. चादर मी दर रविवारी बदलतो. एवढं सांगायचं होतं, की खोली आहे, कधीही ये, कोणाला विचारायचं नाही. पण मी सांगितलं असतं तर तिला हो किंवा नाही म्हणावं लागलं असतं, आणि आता तिच्यावर कशाचीही जबरदस्ती नको. तिने नुसतं विचारलं असतं तरी मी तिचं वाक्य संपायच्या आत हो म्हटलं असतं. मी वाट बघितली.

"बरं दादा, ठेवते," ती म्हणाली.

तिने विचारलं नाही.